खाडीची वेळ

नोव्हेंबर 2023 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून, परदेशात जाऊन लग्ने लावण्यापेक्षा ती देशातच करा, असे आवाहन केले. तेव्हापासून 'डेस्टिनेशन वेडिंग'वरची आपली चर्चा पैसा बाहेर जातो की इथेच राहतो, याभोवती घुटमळते आहे. त्यातून थोडे पुढे गेलेले लोक उधळपट्टीवर बोलतात. आणखी पुढे गेलेले, म्हणजे स्वतःला शहाणे समजणारे, म्हणतात की लग्न खाडीकाठी, कांदळवनाच्या कडेला, नदीमुखाच्या पुळणीवर खुशाल करा, फक्त ते 'हरित' करा. मला या तिसऱ्यांशीच भांडायचे आहे. पहिल्या दोघांचा उथळपणा निदान उघडा आहे. यांचा मात्र पत्रावळीखाली झाकलेला असतो.

बाकीचे मुद्दे आधी उरकून टाकतो. अशा लग्नांनी रोजगार मिळतो हे खरे, पण मांडव दोन किलोमीटर आत घातला तरी तो मिळतोच. आणि सरसकट बंदी घाला म्हणणारे बहुधा विचार करून दमलेले असतात.

हरित लग्नवाल्यांचे म्हणणे थोडक्यात असे. प्लास्टिक नाही, थर्माकोल नाही, जेवण स्थानिक, मांडव बांबूचा आणि झावळ्यांचा. 'संगीत' हेडफोनवर, म्हणजे ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा घालणाऱ्या 2000 सालच्या नियमांचाही प्रश्न मिटला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे उचलून नेले, जागा होती तशी झाली, मागे खूण राहिली नाही. मग तक्रार कसली? युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण तो एका गृहीतावर उभा आहे: नुकसान म्हणजे मागे उरलेली वस्तू. पाणथळ जागेबद्दल एवढे चुकीचे गृहीत दुसरे सापडायचे नाही.

खाडी ही वस्तू म्हणून बघितली की फसगत होते. दिवसातून दोनदा ती भरते, दोनदा रिकामी होते, आणि रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावस्येला दुपारच्या सुमारास उधाणाची भरती असते आणि सूर्यास्ताच्या आसपास पार ओहोटी. अष्टमीच्या भांगाला याच्या जवळपास उलट. पूर्ण चंद्र आणि सूर्यास्ताला काठोकाठ भरलेली खाडी ही निमंत्रणपत्रिकेवरची जोडी त्यामुळे कोकणात सहसा जुळत नाही. छायाचित्रकाराला भरती हवी असते, कारण ओहोटीला दिसतो चिखल, आणि चिखलाला वास असतो. पण चिखल हेच तर खाडीचे ताट. निवट्या त्यावर उड्या मारतात, कुर्ल्या बिळातून बाहेर येतात, तिवराची श्वसनमुळे खिळ्यांसारखी उघडी पडतात. उत्तरेकडून आलेले चिखल्या, तुतवार आणि त्यांचे भाऊबंद चार-पाच तास चोच खुपसून जेवून घेतात. भरती चढली की ताट पाण्याखाली जाते. मग हे सगळे थवे पाण्यावर राहिलेल्या उंचवट्यावर, वाळूच्या दांड्यावर, कापणी झालेल्या खाजणात, म्हणजे बांध घालून खाडीतून काढलेल्या भातशेतात, एका पायावर उभे राहून पुढच्या ओहोटीची वाट बघतात.

आता मांडव कुठे घालतात ते बघा. भरतीतही कोरडी राहणारी, मोकळी, पाण्याला लागून असलेली जागा हवी असते. म्हणजे नेमकी तीच. पाखरांना कोणी दगड मारत नाही. पंगत बसते, ड्रोन उडतो, थवा उठतो, घिरट्या घालतो, दुसरीकडे टेकतो, तिथूनही उठतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये परतीच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी या उड्डाणांत जळते. दुसऱ्या दिवशी जागा झाडून बघितली तर काय सापडणार? काहीच नाही. जळालेली चरबी केराच्या टोपलीत येत नाही.

कासवाचे उदाहरण तर आणखी निर्वाणीचे. गोव्यात मोरजी शापोरा नदीच्या मुखाशी आहे, गालजीबागही नदीमुखाशीच. दोन्ही ठिकाणी ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. मादी रात्री पाण्यातून वर सरपटते. पुढे उजेड आणि हालचाल दिसली तर अनेकदा अंडी न घालताच मागे फिरते. पिल्ले 45 ते 60 दिवसांनी बाहेर पडतात आणि जिकडे क्षितिज जास्त उजळ तिकडे निघतात. मोकळ्या किनाऱ्यावर ते समुद्राच्या बाजूचे असते, मांडवाच्या रात्री मांडवाच्या बाजूचे. हेडफोनवरच्या नाचालाही दिवे लागतातच. परत गेलेल्या मादीचा माग पुढची भरती पुसून टाकते. मागे खूण राहिली नाही, हे वाक्य इथे शब्दशः खरे आहे, आणि म्हणूनच ते बचाव म्हणून निरुपयोगी आहे.

परीक्षा चालू असताना शाळेच्या पटांगणात वरात नाचवायची आणि नंतर पटांगण स्वच्छ झाडून दिले म्हणून मुख्याध्यापकांकडे प्रशस्तिपत्र मागायचे, असा हा प्रकार आहे.

यावर हरितवाले म्हणतील की मग पाखरे आणि कासवे नसलेली खाडी निवडू. नुसते खाजण, नुसते पाणी. 'अस्पर्श', 'रानटी' ही त्यांची आवडती विशेषणे. इथे त्यांची दुसरी चूक दिसते. गोव्यातली सुमारे 18 हजार हेक्टर खाजणे माणसाने समुद्राकडून हिसकावलेली आहेत, पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी. गावकरीने, म्हणजे गावच्या सामूहिक जमीनसंस्थेने, ती कशी राखली, हे इतिहासकार दा. ध. कोसंबी वाचलेल्यांना नव्याने सांगायला नको. मातीचा बांध, त्यात लाकडी दारांची मानस. भरती चढली की तिच्या दाबाने दार आपोआप मिटते, ओहोटीला आतले पाणी ते ढकलून उघडते. त्या उघडण्याच्या घटकेला मानशीच्या तोंडाशी जाळे लावतात. ती मासळी धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो. रायगडात याच दाराला उघाडी म्हणतात. हे काम रात्री दोनला असेल तर दोनला करायचे असते, आणि तिथवर जायची वाट बांधावरूनच असते. त्या रात्री बांधावर दिव्यांच्या माळा आणि दोन्ही टोकांना सुरक्षारक्षक असले, तर जाळे लागत नाही. ओहोटीला तिसऱ्या काढणाऱ्या बायका समोर पाहुणे बघून मागच्या मागे वळतात. त्यांना कोणी हाकललेले नसते. ज्या जागेला आपण निर्मनुष्य म्हणून भाडे मोजले, तिथली माणसे आपणच त्या दिवसापुरती थांबवलेली असतात.

म्हणून माझा आग्रह एका भेदावर आहे, आणि तो हटवादी वाटला तरी चालेल. मागे काय उरले हा एक प्रश्न, आणि त्या वेळात काय घडू दिले नाही हा दुसरा. आपली सगळी परवानग्यांची, दंडाची आणि सदिच्छेची भाषा पहिल्या प्रश्नाची आहे: कचरा, डेसिबल, भरतीरेषेपासूनचे अंतर. 2017 च्या पाणथळ नियमांनी तर व्याख्येतूनच भातशेती वगळली आणि किनारा नियमन क्षेत्रातल्या जागाही बाहेर ठेवल्या. म्हणजे खाजण हे कागदावर पाणथळच नव्हे. उरला किनारा नियमनाचा कायदा. तो मीटर मोजतो, घटका मोजत नाही.

माणसांनी खाडीकडे फिरकूच नये, असे मी म्हणत नाही. वेळासला कासवाची पिल्ले बघायला शेकडो लोक जातात, गावातल्या घरांत उतरतात, सकाळ-संध्याकाळ पुळणीवर उभे राहतात, आणि कधी कधी एकही पिल्लू न बघता परततात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटातल्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, तेही पाणी असेल तेव्हाच. दोन्हीकडे गर्दी आहे, पैसा आहे, थोडाफार त्रासही असेल. पण तिथे माणूस जागेच्या वेळेला थांबतो. लग्न थांबू शकत नाही. मुहूर्त टळला की टळला. सहाशे पाहुण्यांची विमानाची तिकिटे भरतीप्रमाणे सरकत नाहीत. लग्नाचा दोष त्याच्या आकारात किंवा श्रीमंतीत नाही, न सरकण्यात आहे. वीस माणसांचे साधे लग्न कमी थवे उठवील, हे मान्य. पण मादी वर येण्याच्या रात्री त्याचाही कंदील कंदीलच.

गंमत अशी की दोन्ही बाजू एकच पंचांग वापरतात. कोळी भरती तिथीवर सांगतो, भटजी मुहूर्त तिथीवर काढतात. तुळशीच्या लग्नानंतर आपले मुहूर्त सुरू होतात, त्याच सुमारास थवे उतरलेले असतात आणि कासवांचा हंगाम सुरू होतो. चातुर्मासात मुहूर्त नसतात, तेव्हा पुळण मोकळी असते खरी. पण तेव्हा खाजणात भाताची लावणी असते आणि 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, कारण ते माशांच्या विणीचे दिवस. रिकामा महिना शोधू गेलात तर मिळत नाही.

खाडीकाठच्या वाडीतले लोक स्वतःची लग्ने कुठे लावत आले, हे कोणी विचारत नाही. घराच्या खळ्यात. माटव खळ्यात उभा राहतो, पंगत खळ्यात बसते, आणि ओहोटीची वेळ झाली तर वऱ्हाडातलाच एखादा काका जाळे घेऊन गुपचूप निघून जातो. लग्नाचे नियोजन करणाऱ्या कंपन्यांची यावर एक तक्रार असेल आणि ती खरी आहे: खळ्यातून खाडी दिसत नाही.