तहान आणि टाकी

आपल्याकडे दारी आलेल्या पाहुण्याला पाण्यासाठी कोणी "नाही" म्हणत नाही. मग अशा घरच्या माणसाच्या "हो"चा अर्थ पाहुण्याने काय घ्यायचा? हा प्रश्न मला दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पडला आणि अजून पुरता सुटलेला नाही. म्हणून तो आपल्यापुढे मांडतो.

२०२१ साली राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पेपरात त्याची बातमी आली तेव्हापासून चाकांवरच्या घराचे वेड आमच्या मुलांच्या डोक्यात होते. शेवटी वर्षभर पैसे साठवून आम्ही अशी एक गाडी सहा दिवसांसाठी भाड्याने घेतली. मी, पत्नी, दोन मुले, माझी आई आणि गाडीबरोबर आलेला ड्रायव्हर. आत झोपायच्या फळ्या, गॅसची शेगडी, इवलेसे न्हाणीघर आणि गाडीच्या पोटात शंभर लिटर पाण्याची टाकी. भांडुपच्या आमच्या दीड खोलीपेक्षा सोयी जास्त, असे आई म्हणाली.

किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्यापर्यंत जायचे ठरले होते. पहिला मुक्काम कोर्लईजवळ केला. चौलचा हा मुलूख पोर्तुगिजांनी १७४० साली सोडला, पण तिथली ख्रिस्ती कुटुंबे आजही घरात पोर्तुगीज वळणाची आपली वेगळी बोली बोलतात. आईला ते ऐकून इतकी गंमत वाटली की ती निघायलाच तयार नव्हती. मग अगरदांडा ते दिघी, बागमांडले ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, अशा फेरीबोटींवर गाडी चढवत आणि उतरवत आम्ही गुहागर गाठले. इथवर सगळे छान चालले होते. फक्त टाकी पुन्हा पुन्हा रिकामी होत होती. घामाने अंग चिकट झाले की मुले न्हाणीघरात शिरत, आणि मीही काही कमी नव्हतो.

गुहागर सोडले की रस्ता सड्यावर चढतो. सडा म्हणजे काळाठिक्कर पडलेला जांभ्याचा कातळ. मे महिन्यात त्यावर गवताची काडीही हिरवी नसते. उजव्या हाताला समुद्र चकाकत असतो, पण वारा लागतो तोही गरम. आम्हाला तवसाळहून दुपारची बोट पकडून जयगडला उतरायचे होते. वाटेत एका वाडीपाशी गाडी थांबवली. टाकी कोरडी होती आणि प्यायच्या बाटल्याही संपल्या होत्या.

पहिल्याच घराच्या पडवीत एक आजी आंबोशी वाळत घालत होत्या. आम्ही पाणी मागितले. त्यांनी आधी बसायला घोंगडी टाकली, मग तांब्याभर पाणी आणि वाटीत गूळ आणला. मुलांना दोन-दोन आंबे दिले. आम्ही पोटभर पाणी प्यालो. तेव्हा ड्रायव्हरने विचारले, "आजी, गाडीची टाकी भरून घेऊ का?" खळ्यात दोन निळी पिंपे होती. आजींनी त्या पिंपांकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "घ्या की. पाण्याला नाही म्हणू नये."

आम्ही बादलीने टाकी भरली. एक पिंप जवळजवळ रिकामे झाले. मुलांनी दुसऱ्यातले पाणी घेऊन पायाची वाळूसुद्धा धुतली. निघताना मी पाचशेची नोट पुढे केली. आजींनी ती घेतली आणि माझ्या मुलीच्या हातात ठेवली, "पहिल्यांदा आलीस ना माझ्या घरी."

उतारावर दोन वळणे गेलो तर चार बायका डोक्यावर हंडे घेऊन वर येताना दिसल्या. रस्ता अरुंद, म्हणून गाडी थांबवली. आईने खिडकीतून विचारले, विहीर कुठे आहे? त्या म्हणाल्या की वरची विहीर एप्रिलमध्येच आटली, खालच्या पऱ्ह्यात खड्डा खणून वाटीने पाणी भरतो. टँकर तिसऱ्या दिवशी येतो. कालच येऊन गेला.

म्हणजे ती पिंपे परवापर्यंतची होती.

गाडीत वाद झाला. पत्नी म्हणाली, परत जाऊन पाणी ओतून देऊ. ड्रायव्हर म्हणाला, बोट चुकेल. मी म्हणालो, "अगं, आपण विचारूनच घेतलं. त्यांनी स्वतः हो म्हटलं." आई काहीच बोलली नाही. आम्ही परत गेलो नाही, हे इथे स्पष्ट लिहिले पाहिजे. बोट मात्र वेळेवर मिळाली.

विचारून घेतले, हे माझे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही चोरी केली नाही, दडपण आणले नाही, पैसेही देऊ केले. व्यवहाराच्या वहीत माझी बाजू चोख आहे. तरी त्या रात्री गणपतीपुळ्यात न्हाणीघरात उभा राहिलो आणि अंगावर पाणी घ्यायला हात उचलेना.

ज्याला "नाही" म्हणता येत नाही त्याच्याकडून "हो" मिळवणे फार सोपे असते. आजींच्या घरी, त्यांच्या संस्कारात, पाण्याला नकार हा शब्दच नव्हता. मी परवानगी मागितली तेव्हा त्यांच्यापुढे दोन वाटा नव्हत्याच. मग ती परवानगी मागून मी नेमके काय केले? माझी जबाबदारी त्यांच्या चांगुलपणावर टाकून मोकळा झालो.

मला माहीत नव्हते, असेही मी स्वतःला सांगून पाहिले. पण आपल्या ख्रिस्तसभेच्या नीतिशिक्षणात अज्ञानाचे दोन प्रकार मानले आहेत. एक टाळता न येणारे आणि दुसरे टाळता येण्याजोगे. दुसऱ्याने माणूस निर्दोष ठरत नाही. खळ्यात नळ नव्हता, पिंपे होती. पिंपात पाणी कोण साठवतो? ज्याला ते रोज मिळत नाही तो. भांडुपमध्ये वाढलेल्या माणसाला हे कोणी शिकवावे लागते का? कोकणात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण उतार तीव्र आणि जांभा सच्छिद्र, त्यामुळे पाणी पाहता पाहता समुद्रात जाते आणि उन्हाळ्यात विहिरी उघड्या पडतात. हेही मी शाळेत शिकलो होतो. डोळे होते, फक्त पाहायची इच्छा नव्हती.

संत थॉमस अक्वायनस यांनी गरजेविषयी एक धाडसी विचार मांडला आहे. जीवावर बेतलेल्या गरजेत माणसाने दुसऱ्याचे घेतले तर ती चोरी नव्हे, कारण जगण्यापुरते सर्वांचे आहे. त्या हिशेबाने आम्ही प्यालेल्या तांब्याबद्दल मला काही वाटत नाही. ऐन दुपारी आपल्या प्रभूनेही शमरोनी स्त्रीकडे प्यायला पाणी मागितले होते, आणि त्याच्याजवळ तर पोहराही नव्हता. तहान ही गरज आहे. टाकी मात्र सोय आहे, आणि ती भरण्यासाठी आम्ही दुसऱ्या घराच्या दोन दिवसांच्या तहानेला हात घातला.

परत आल्यावर एका मित्राने मला रिबकेची गोष्ट ऐकवली. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाचा सेवक दहा उंट घेऊन विहिरीवर येतो, आणि ती मुलगी त्याच्याबरोबर उंटांनाही पाणी पाजते. तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटरपर्यंत पाणी पितो. "म्हणजे तुझी गाडी अकरावा उंट," मित्र हसून म्हणाला, "आणि त्या आजी तुझी रिबका. देणाऱ्याचा आनंद हिरावून का घेतोस?"

मला ते पटू लागले होते. आईला सांगितले तर ती म्हणाली, "त्या पोरीच्या गावाला झरा होता. ह्यांच्याकडे पिंप होतं. आणि त्या माणसाने स्वतःपुरतं घोटभर मागितलं होतं, उंटांचं त्याने तोंडही उघडलं नव्हतं."

आईचे लग्न होऊन ती खिंडीपाड्याच्या चढावर आली तेव्हा पहाटे उठून नळाच्या रांगेत हंडा लावावा लागे. पाणी तासभर यायचे, कधी तेवढेही नाही. हाकेच्या अंतरावर भांडुप संकुल, जिथे मुंबईच्या पाण्याचा मोठा भाग शुद्ध होतो, आणि वर चढावर कोरडी कळशी. तिला पिंपाचा अर्थ समजावून द्यावा लागला नाही. मग ती त्या वेळी गाडीत गप्प का राहिली, हे मी एकदा तिला विचारले. म्हणाली, "मुलाच्या सुट्टीचा विचका होईल म्हणून." म्हणजे तिलाही "नाही" म्हणता आले नव्हते.

पर्यटनाने कोकणात पैसा येतो, हे मला मान्य आहे. खानावळी चालतात, घरगुती निवासाच्या खोल्यांवर कित्येक घरांतल्या मुलांच्या फिया भरल्या जातात. फिरायला जाऊच नये, असे मी म्हणत नाही. पण तिथे भाव ठरलेला असतो, आणि सांगणाऱ्याला "आज पाणी कमी आहे, आंघोळ एकच बादली" असे सांगता येते. आजींचे दार मात्र दुकानाचे नव्हते. म्हणूनच पाचशेची नोट तिथे चालली नाही. ती नोट मुलीने अजून मोडलेली नाही. तिच्या कंपासपेटीत घडी करून ठेवली आहे, आणि "ही कोणाची?" असे विचारले की ती उत्तर देत नाही.

यंदाच्या सुट्टीत साध्या गाडीने दोन दिवस आक्षीला गेलो. मी मोठ्या समाधानाने वीस लिटरचे दोन कॅन घरूनच भरून घेतले आणि आईला सांगितले, या वेळी कोणाच्या दारात मागायला नको, आपले पाणी आपल्याबरोबर.

आपले पाणी भातसा-तानसाच्या बाजूने येते. ती दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. आईने कॅनवर हात ठेवला आणि म्हणाली, "आपलं? त्यांना कोणी विचारलं होतं का रे?"