गोठ्याचे दार

लखनौच्या हजरतगंजात २४ डिसेंबरच्या रात्री सेंट जोसेफ कॅथीड्रलपुढे गर्दी लोटते; तीत ख्रिस्तेतर माणसेच अधिक. सण बाजाराचा झाला, साधेपणा उरला नाही, असे भाविकाला वाटते. ते खोटे नाही. परंतु साधेपणा म्हणजे निव्वळ काटकसर नव्हे. स्वामित्वाची भावना सोडणे हाही साधेपणाच. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते. बेथलेहेमच्या गोठ्यात मेंढपाळ आले, तेव्हा त्यांना कोणी अधिकार विचारला नव्हता. मग मेणबत्ती लावणाऱ्या अनोळखी हाताला तो आपण कसा विचारावा? रोषणाई कमी करता येईल. दार मात्र उघडेच हवे.