शिकणाऱ्या लेकरांचे कल्याणमित्र व्हा



एकदा भदन्त आनंद तथागतांजवळ आले आणि म्हणाले की, चांगल्या माणसांची मैत्री लाभणे म्हणजे धम्मजीवनातले अर्धे काम झाले, असे मला वाटते. तथागतांनी त्यांना तेथेच थांबविले. कल्याणमित्राची सोबत हे अर्धे नव्हे, संपूर्ण धम्मजीवन होय, असे त्यांनी सांगितले. संयुत्त निकायात हा प्रसंग आला आहे.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वस्तीवस्तीतून मुले-मुली कॉलेजसाठी शहरात जातात. पुष्कळ घरांतून कॉलेजची पायरी चढणारे ते पहिलेच लेकरू असते. निघताना आपण त्याला दोन गोष्टी सांगतो. "बाबासाहेबांसारखा हो," ही एक. आणि "अत्त दीप भव, आता तुझे तूच बघ," ही दुसरी. दोन्ही आपण मोठ्या प्रेमाने सांगतो. परंतु त्यांचा अर्थ आपण नीट लावतो काय?

स्वयंदीप व्हा म्हणजे दैवाच्या भरवशावर बसू नका, स्वतःच्या बुद्धीने पारखून चाला. एकटे राहा आणि दुःख गिळा, असा त्याचा अर्थ नव्हे. तसा असता, तर तथागतांनी संघ कशाला स्थापन केला असता? त्रिशरणातले तिसरे शरण आपण रोज कशासाठी घेतो?

आणि परमपूज्य बाबासाहेब तरी एकटे शिकले काय? परळच्या चाळीतल्या एका खोलीत वडील रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवीत आणि पहाटे दोन वाजता अभ्यासाला उठवीत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा ह्याच गुरुजींनी त्यांना सयाजीराव महाराजांकडे नेले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९२० साली लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यास निघताना नवल भथेना ह्या पारशी मित्राने कर्जाऊ रक्कम दिली. शाहू महाराजांनीही मदत केली. बाबासाहेबांची बुद्धी आणि कष्ट असामान्य होतेच. पण वडील, गुरुजी, मित्र हे हातही पाठीशी होते. लेकराला बाबासाहेब हो म्हणायचे आणि त्याचे केळुसकर गुरुजी, त्याचे भथेना आपण कोणी व्हायचे नाही, हा न्याय कोणता?

त्या लेकराची स्थिती डोळ्यांपुढे आणा. वर्गात सगळे इंग्रजीतून चालते. शेजारचा मुलगा आडनाव विचारतो, मग प्रवेश परीक्षेतील क्रमांक विचारतो. त्यामागे काय विचारायचे आहे ते लेकराला कळते. शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, खानावळवाला मात्र महिन्याला थांबत नाही. घरी फोन केला की आपण विचारतो, "पेपर कसे गेले? नोकरी कधी लागेल?" आपल्या कष्टांची जाणीव असल्यामुळे ते खोटेच सांगते, "सगळे ठीक आहे."

१७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला आणि २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी ह्यांनी आपले जीवन संपविले. दोन्ही वेळी जातीय छळाच्या तक्रारींनी देश हादरला. अशा अन्यायाशी कायद्याने आणि संघटनेने लढलेच पाहिजे. त्याचा दोष घरच्यांच्या किंवा विद्यार्थ्याच्या माथी मारता येणार नाही. पण लढा चालू असताना आपले लेकरू जगले पाहिजे, हसले पाहिजे, हेही धम्माचेच काम आहे.

विनयपिटकात एक कथा आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदांकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग भिक्खूंना समजाविले की, येथे तुमचे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? वसतिगृहातल्या मुलामुलींना हा उपदेश जसाच्या तसा लागू पडतो. खोलीतला सोबती जेवला नाही, दोन दिवस तासाला गेला नाही, तर त्याचे दार वाजवा.

आपण वडील माणसांनी काय करावे? सिगालोवाद सुत्तात खऱ्या मित्राची लक्षणे सांगितली आहेत. तो भीतीच्या वेळी आसरा देतो, गरजेला मागितल्याच्या दुप्पट देतो, मित्राचे गुपित राखतो आणि संकटात सोडून जात नाही. ही लक्षणे घरात आणि विहारात आणता येतात. फोनवर गुण विचारण्याआधी "जेवलास काय? झोप लागते काय? मित्र कोण मिळाले?" एवढे विचारा. आईला त्यासाठी अक्षरओळख लागत नाही. लेकरू रडले तर ते वस्तीभर सांगू नका. विहारात एक पेटी ठेवा. शिष्यवृत्ती येईपर्यंत खानावळीचे पैसे तिच्यातून द्या. पुढच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने नव्याबरोबर प्रवेशाच्या दिवशी जावे. रविवारच्या वंदनेनंतर सुट्टीला आलेल्या मुलांना अर्धा तास बोलू द्या आणि मधे उपदेश करू नका.

लेकराची झोप उडाली, जेवण सुटले, "मी तुम्हाला भार झालो" अशी भाषा आली, तर देवऋषी आणि अंगारा ह्यांच्या वाटेला जाऊ नका. ती वाट आपण धम्मदीक्षेच्या दिवशीच सोडली आहे. मनाचा आजार हा तापासारखाच आजार आहे आणि त्याला डॉक्टर आहे. अशा वेळी त्याला एकटे ठेवू नका. भारत सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा.

उपासक-उपासिकांनो, मेत्ता ही केवळ वंदनेत म्हणण्याची गोष्ट नाही. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला "घर तुझेच आहे, परत ये, पुन्हा बसू" असे म्हणणारा बाप मेत्ताच आचरीत असतो. आज घरी गेल्यावर, बाहेरगावी शिकणाऱ्या आपल्या किंवा शेजारच्या एका तरी लेकराला फोन करा, आणि ते काय बोलते ते शेवटपर्यंत ऐका.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!