आजारावरून चारित्र्य ठरते का?



एखाद्या घरात एच.आय.व्ही.ची बातमी आली की औषधपाण्याची चौकशी मागे पडते आणि “हा रोग आणला कुणी?” हा प्रश्न आधी येतो. उत्तरही बहुधा ठरलेले असते. मुलगा दगावला की सून पांढऱ्या पायाची!

पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रिया त्यात होत्या. त्यांपैकी ३९१ जणी वेश्याव्यवसायातील नव्हत्या. बहुतेक विवाहित, नवऱ्याशी एकनिष्ठ. तरीही त्या ३९१ पैकी १३.६ टक्के स्त्रियांना एच.आय.व्ही.ची लागण झालेली आढळली. गुप्तरोग असलेल्या जोडीदाराशी संबंध, हे त्यामागचे मुख्य कारण दिसले. ज्या स्त्रीने वचन पाळले, तिलाच रोग जडला. मग रोगावरून चारित्र्य कसे ठरवायचे?

कोणी म्हणेल, असे बोलल्याने वाईट वागणुकीला मोकळीक मिळते. तसे नाही. आपला आजार ठाऊक असूनही जो तो जोडीदारापासून लपवतो, तो तिच्यावर अन्यायच करतो. पण खरे सांगणाऱ्याला आपण घराबाहेर काढणार असू, त्याचे ताट वेगळे ठेवणार असू, तर त्या लपवाछपवीत आपलाही वाटा आहे.

आणि खरे सांगितल्याने जीव वाचतो. भारतासह नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासात पुण्यातील जोडपीही होती. बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केले, तर त्याच्याकडून दुसऱ्याला लागण होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटते, असे २०११ मध्ये दिसून आले. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात तपासणी व समुपदेशन मोफत मिळते, सरकारी केंद्रांतून औषधेही मोफत मिळतात. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याचा आजार इतरांना सांगण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. माहितीसाठी १०९७ हा क्रमांक आहे.

विवाहाच्या वेळी आपण आजारपणातही साथ देण्याचे वचन देतो. त्या वचनाला साक्षी असलेल्या आपणा सर्वांवरही थोडी जबाबदारी येते. तेव्हा अशी बातमी कानी आली, तर “कुणी आणले?” असे विचारू नये. “औषध सुरू झाले का? दवाखान्यात सोबत येऊ का?” एवढेच विचारावे.