बाकीचे सहा दिवस

मागच्या पावसाळ्यात माझ्या टीममधल्या एका मित्राचे वडील गेले. पंधरा दिवसांनी तो ऑफिसला आला. कॅन्टीनमध्ये चहा घेताना त्यानं सरळच विचारलं, "तू चर्चला जातोस ना? मग सांग, माणूस गेल्यावर काय उरतं असं तुम्ही मानता?"

मी गडबडलो. म्हणालो, "आमच्या पाळकसाहेबांचा नंबर देऊ का? ते छान समजावून सांगतात."

त्यानं कप खाली ठेवला. "नको रे. मी तुला विचारत होतो."

ते वाक्य अजून डोक्यातून गेलेलं नाही.

मी मूळचा नगरचा. घरात तिसरी ख्रिस्ती पिढी. संडे स्कूलमध्ये वचनं पाठ करून बक्षिसं मिळवली. बायबलमधल्या सहासष्ट पुस्तकांची नावं आजही एका दमात म्हणून दाखवीन. तरी एका दुःखी माणसानं साधा प्रश्न विचारला, तेव्हा माझ्याजवळ द्यायला फक्त दुसऱ्याचा फोन नंबर होता. वीस वर्षं चर्चनं मला नेमकं कशासाठी तयार केलं?

बहुतेक, बाकावर शांत बसण्यासाठी. उपदेश पाळक करणार, आजाऱ्याला भेटायला पाळक जाणार, लग्न, मयत, वाढदिवसाची प्रार्थना, सगळीकडे पाळकच. आमच्या धंद्यात सगळा लोड एकाच सर्व्हरवर टाकला तर आर्किटेक्टला धारेवर धरतात. चर्चमध्ये आपण त्याला श्रद्धा म्हणतो. आणि खरं सांगायचं तर हे आपल्याला सोयीचंही असतं. दान दिलं की काम आउटसोर्स झालं.

मुळात रचना अशी नव्हती. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पाळक आणि शिक्षक कशासाठी आहेत ते स्पष्ट आहे: सगळी सेवा स्वतः करण्यासाठी नाही, तर सामान्य विश्वासणाऱ्यांना सेवेसाठी सज्ज करण्यासाठी. 'सज्ज करणे' याच्या मूळ ग्रीक शब्दाचं क्रियापद मार्कच्या शुभवर्तमानात कोळ्यांच्या संदर्भात येतं. होडीत बसून ते जाळी नीट करत होते. मला ही प्रतिमा आवडते. जाळं नीट करायचं ते पुन्हा पाण्यात जाण्यासाठी, भिंतीवर टांगण्यासाठी नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे नवराबायको भेटतात. धंदा तंबू बनवण्याचा. अपुल्लो नावाचा विद्वान वक्ता अर्धवट माहितीवर बोलतोय हे त्यांच्या लक्षात येतं. ते त्याला चारचौघांत अडवत नाहीत, बाजूला घेऊन नीट समजावतात. कारागिरांनी पंडिताला शिकवलं, आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

आमच्या नगरशी जोडलेलं उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे वर्षानुवर्षं अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथं जागा होती. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. पण ख्रिस्ताचं काम म्हणजे मिशनची नोकरी नव्हे, हे त्यांनी स्वतःचा पगार सोडून सांगितलं.

इथवर सोपं आहे. अडचण पुढे आहे.

त्या प्रसंगानंतर मी एका ट्रेनिंगला गेलो. सुवार्ता कशी सांगावी यावर एक दिवसाचं शिबिर. तिथं शिकवलं की समोरच्याच्या दुःखातून बोलण्याला वाट मिळते, ती ओळखा. मग या तीन पायऱ्यांनी पुढं जा. जोड्या करून सरावही घेतला. घरी येताना बसमध्ये मला कसंतरी होत होतं. माझा मित्र 'लीड' झाला होता, आणि त्याचे वडील संधी.

मनात हेतू ठेवून केलेली माया ही माया असते का? आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात मिशनऱ्यांनी नगर भागात मदत केली, त्यानंतर बाप्तिस्मे वाढले, आणि 'पोटासाठी बाटले' हा टोमणा कायमचा चिकटला. त्या टोमण्यात अन्याय आहे. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर उभं राहू देत नव्हते, त्यांनी माणूस म्हणून जगण्याची वाट निवडली, तर ती फक्त भूक कशी? पण त्या टोमण्यामागची शंका मात्र मला झटकून टाकता येत नाही.

म्हणून मी स्वतःसाठी एक कसोटी ठरवली. हा माणूस माझं कधीच ऐकणार नाही हे आज कळलं, तरी उद्या मी त्याच्याबरोबर चहाला बसेन का? उत्तर 'हो' असेल तर बोलावं. नसेल तर गप्प बसावं, कारण तेव्हा मी विक्री करत असतो. आणि उलट बाजूही खरी आहे. विचारलेलं असताना, सभ्यतेच्या नावाखाली गप्प राहणं हाही खोटेपणाच. त्या दिवशी मी तोच केला.

हे सगळं मी पाळकसाहेबांना सांगितलं. वाटलं, रागावतील. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाळा, तीस वर्षं मीही वाट बघतोय, कुणीतरी म्हणावं की आजाऱ्याकडे मी जातो."

आता महिन्यातून एकदा उपासनेनंतर आम्ही आठ-नऊ जण थांबतो. एक नर्स, एक रिक्षाचालक, दोन शिक्षिका, मी. प्रत्येकानं त्या महिन्यात कामावर आपल्याला अडवणारा एक प्रश्न आणायचा. पाळकसाहेब उत्तर देत नाहीत, वचन उघडून देतात. बोलायचं आम्ही.

दोन महिन्यांनी मी मित्राला पुन्हा चहाला नेलं. म्हटलं, "त्या दिवशी तू मला विचारलं होतंस." पुनरुत्थानाबद्दल मला काय वाटतं ते सांगितलं, आणि कुठल्या रात्री ते खरं वाटत नाही तेही. पाच मिनिटं लागली असतील.

त्याला पटलं का, मी विचारलं नाही. चहाचे पैसे त्यानं दिले, आणि वडिलांबद्दल बोलत राहिला.