दुसरं भोक

शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटवर दर रविवारी बाजार भरायचा. जुने कपडे, भांडी, हत्यारं, सगळं रस्त्यावरच मांडलेलं; आणि त्या गर्दीत मिसिसिपीकडून पोटापाण्यासाठी वर आलेले ब्लूजवाले. कुणाच्या तरी घरातून विजेची वायर ओढायची, घरवाल्याच्या हातावर चार पैसे टेकवायचे आणि अ‍ॅम्प्लिफायर सुरू करायचा. लिटल वॉल्टर पोरसवदा असताना याच रस्त्यावर माउथ ऑर्गन वाजवायचा. १९५२ साली त्याची ‘ज्यूक’ ही रेकॉर्ड आली. गाणारा नाही, शब्द नाहीत, सगळा भार माउथ ऑर्गनवर, आणि तरी ती कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली. मग काय, ज्याच्या त्याच्या खिशात माउथ ऑर्गन. तिथले लोक त्याला ‘हार्प’ म्हणतात.

त्यातल्याच एका पोराची ही गोष्ट. गोष्टच आहे, तेव्हा नाव विचारू नका. कत्तलखान्यात कामाला होता. शनिवारी पगार हातात पडला की तडक दुकानात गेला आणि होनर कंपनीचा ‘मरीन बँड’ घेऊन आला. दहा भोकं, प्रत्येक भोकात दोन पितळी पत्त्या. एक फुंकल्यावर वाजते, दुसरी श्वास आत ओढल्यावर. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावात १८९६ पासून ही वस्तू बनते आहे, आणि ती बनवणाऱ्यांच्या डोक्यात होती लोकगीतं आणि वॉल्ट्झ. ब्लूज त्यांच्या स्वप्नातही नव्हता.

पोराने पहिल्याच रात्री ‘ज्यूक’ला हात घातला. रेकॉर्ड ई पट्टीत, लिटल वॉल्टरच्या हातात ए पट्टीचा हार्प, आणि याच्याकडे सी पट्टीचा. जुळणार कसं? पण ती गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती. त्याला खटकलं ते वेगळंच. दुसऱ्या भोकात श्वास ओढला की सूर निघायचाच नाही. निघाला तर खाली घसरलेला, घुसमटलेला. बाकीची भोकं बरी वाजायची. त्याने आणखी जोर लावला. सूर आणखी घसरला.

सोमवारी दुकानात गेला. “माल खराब आहे.” दुकानदाराने हात वर केले. एकदा तोंडाला लागलेला उष्टा हार्प कोण परत घेणार? पुढच्या पगाराला पोराने दुसरा घेतला. तेच भोक, तीच रड. त्याच्या पुढच्या पगाराला तिसरा घेतला, या वेळी दुसऱ्या दुकानातून, कारण पहिला दुकानदार चोर आहे अशी त्याची खात्री झाली होती.

रविवारी तो तिन्ही हार्प घेऊन बाजारात एका म्हाताऱ्यापुढे उभा राहिला. म्हातारा खुर्ची टाकून वाजवत बसला होता.

“बाबा, तुम्ही हार्प कुठल्या दुकानातून घेता? मला तिन्ही वेळा खराब निघाले.”

“काय बिघडलंय?”

“दुसरं भोक. आत ओढलं की वाजत नाही.”

म्हाताऱ्याने तिन्ही उलटसुलट करून पाहिले. “तीन हार्प, दोन दुकानं, आणि भोक मात्र तेच? त्या ट्रॉसिंगेनवाल्यांचं तुझ्याशी काय वैर आहे रे?” एक हार्प त्याने बाहीला पुसला आणि सरळ तोंडाला लावला. दुसऱ्या भोकातून जाड, भरदार सूर निघाला आणि श्वास पुरेपर्यंत तसाच राहिला. दुसरा हार्प घेतला, तिसरा घेतला. तोच सूर.

“हा मात्र खरंच गेलाय,” पहिल्या हार्पचं पाचवं भोक ओढून पाहत तो म्हणाला. “पत्ती उतरली आहे. पण कारखान्यातून आला तेव्हा धड होता. ओढून ओढून तू मारलास.”

पोराचा चेहरा पडला. “मग मी करू काय?”

“जोर कमी कर. आणि वाद्याला नावं ठेवण्याआधी आपला श्वास तपासून बघ.”

सांगायला सोपं, पोराला ते उमजायला महिना लागला. इथे थोडी माहिती द्यायला हवी. आपल्याकडे माउथ ऑर्गन म्हटलं की ‘दोस्ती’ (१९६४) हा चित्रपट आठवतो. त्यातला माउथ ऑर्गन राहुलदेव बर्मन यांनी वाजवला होता. ब्लूजवाल्यांची तऱ्हा निराळी. ते हार्पच्या पंचमाला षड्ज मानतात. म्हणजे सी-चा हार्प घ्यायचा आणि गाणं जी-मध्ये वाजवायचं. असं केलं की महत्त्वाचे सूर फुंकण्यात राहत नाहीत, ओढण्यात येतात. दुसरं भोक ओढलं की षड्ज, तिसरं ओढलं की गंधार, चौथं ओढलं की पंचम, पाचवं ओढलं की कोमल निषाद. पोराचं बिनसलं होतं ते थेट षड्जाशीच. षड्जच डळमळीत असेल तर पुढच्या सुरांनी उभं राहायचं कशावर?

म्हाताऱ्याने त्याला एकच काम दिलं. सी-च्या हार्पवर तिसऱ्या भोकात फुंकल्यावर जो सूर येतो, तोच दुसऱ्यात ओढल्यावर यायला हवा. कारखान्यातूनच तशी रचना असते. “तिसऱ्यात फुंक, ऐक. मग दुसऱ्यात ओढ, ऐक. सारखे लागले की मला सांगायला ये. तोवर ‘ज्यूक’ नको.” हार्प ओठांच्या टोकावर न धरता तोंडात नीट आत घ्यायचा, जांभई देताना घसा उघडतो तसा उघडा ठेवायचा आणि हवा गालांनी शोषायची नाही, पोटातून नेहमीचा श्वास घ्यायचा, एवढंच शिकवलं. आणि कामावर चालत जाताना पहिल्या तीन भोकांवर नुसती आगगाडी करायची: दोन श्वास आत, दोन बाहेर, आधी सावकाश, मग गाडी वेग घेते तशी. ही आगगाडी ब्लूजवाल्यांचा जुना धडा आहे. डीफोर्ड बेली या वादकाने १९२७ सालीच ‘पॅन अमेरिकन’ नावाच्या गाडीचा आवाज हार्पवर रेकॉर्ड करून ठेवला होता.

पहिले काही दिवस पोराला अपमान वाटला. मग एका सकाळी आगगाडी करता करता तो दमलेला होता, ओढायची ताकदच उरली नव्हती, आणि दुसरं भोक आपसूक वाजलं. तो रस्त्यातच थांबला. तिसऱ्यात फुंकलं. तोच सूर.

रविवारी त्याने म्हाताऱ्याला ऐकवलं. म्हातारा म्हणाला, “छान. आता बिघडव.”

“म्हणजे?”

“पहिल्या दिवशी जो घसरत होता ना, तसाच घसरव. फक्त या वेळी किती घसरवायचा ते तू ठरव. आणि परत जागेवर आण.”

पोराला हसू आलं. ज्याला बिघाड समजून त्याने आणखी दोन पगारांतून पैसे घातले होते, त्याचंच नाव ‘बेंड’. दुसऱ्या भोकातला जी जिभेच्या आणि घशाच्या आकाराने खाली दाबला की एफ-शार्प मिळतो, आणखी दाबला की एफ. तिसऱ्या भोकातला गंधार असाच दाबून कोमल करतात, आणि शुद्ध-कोमलच्या मधल्या त्या जागेतच ब्लूजचं रडणं असतं. ट्रॉसिंगेनच्या कारागिरांनी हे सूर हार्पमध्ये भरले नव्हते; ते वाजवणाऱ्यांनी शोधून काढले. नवशिक्याच्या तोंडून तेच सूर चुकून निघतात, एवढाच फरक.

पोरगा पुढे मोठा वादक झाला का? नाही झाला. कत्तलखान्यातच राहिला आणि रविवारी म्हाताऱ्याशेजारी बसून बरं वाजवू लागला. तिसरा हार्प त्याला बरीच वर्षं पुरला.

तुम्ही सी-चा हार्प घेऊन शिकायला बसलात तर दुसरं भोक तुम्हालाही दगा देणार, जवळजवळ सगळ्यांनाच देतं. पावती शोधू नका. तिसऱ्यात फुंका, दुसऱ्यात हळू श्वास घ्या आणि दोन्ही सूर जुळेपर्यंत दुकानाची पायरी चढू नका.