दैव आणि ब्रेकची डिस्क

जे घडते त्यात दैव किती आणि कर्त्याची जबाबदारी किती, या प्रश्नाचा विचार भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात येतो. तेथे प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) प्रवरेकाठी नेवाशात गीतेचे जे निरूपण पूर्ण केले, त्यात हा अध्याय शेवटचा आहे. टीकाकारांच्या लेखी करण म्हणजे मुख्यतः इंद्रिये. पण राबणाऱ्या माणसाच्या बाबतीत हाताखालचे साधनही त्यातच धरावे लागते. माल भरून करंजी घाट उतरणाऱ्या पिकअपचा ब्रेक हे असेच करण आहे.

पिकअपच्या पुढच्या चाकांना बहुधा डिस्क ब्रेक असतात. पेडल दाबले की कॅलिपरमधले पॅड बिडाच्या फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात आणि गाडीच्या वेगातली ऊर्जा उष्णता होऊन डिस्कमध्ये उतरते. झिजून पातळ झालेली डिस्क लवकर तापते. त्यात उतारावर पाय सतत पेडलवर राहिला, तर पॅडची पकड सुटते, ब्रेक ऑइल उकळू शकते आणि पेडल खाली बसते. किमान किती जाडी चालेल, तो आकडा बहुधा डिस्कवरच उमटवलेला असतो. मायक्रोमीटरने मोजलेली जाडी त्याखाली गेली, की डिस्क बदलण्याला पर्याय नाही. लेथवर टर्निंग मारले तर ती आणखी पातळ होते. बदलताना दोन्ही चाकांच्या डिस्क आणि पॅड एकदमच बदलतात. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढला नाही, तर नवी डिस्कही डगमगत फिरते आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरते. नव्या डिस्कवरचे तेल पुसावे लागते आणि पॅड नीट बसेपर्यंत जोराचे ब्रेक टाळावे लागतात.

या कर्माचा कर्ता एकटा नसतो. मालक खर्च पुढे ढकलतो, चालक थरथर सोसतो, मिस्त्री ‘अजून चालेल’ म्हणतो, व्यापारी जादा माल चढवतो. दोष चौघांत वाटला गेला म्हणून कोणी मोकळा होत नाही. ज्याला जितके ठाऊक होते, तितके त्याच्या पदरी येते. समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला मात्र डिस्कची जाडी कळण्याची सोयच नसते. त्यामुळे ज्यांना ती मोजता येते, त्यांचे कर्तव्य अधिक कडक ठरते.

फळाची आसक्ती सोडावी, या शिकवणीचा येथे आधार घेता येत नाही. आसक्ती सुटली तरी कर्म नीट करण्याचे बंधन सुटत नाही. वळणावर अचानक आडवे आलेले जनावर रूढ अर्थाने दैवाच्या खात्यात जाईल. न मोजलेली डिस्क जाणार नाही. पहिल्या चार कारणांचा हिशेब दिल्याशिवाय पाचव्याचे नाव घेता येत नाही.

खंडेनवमीला अवजारांची, दसऱ्याला गाड्यांची पूजा होते. बॉनेटवर झेंडूचा हार चढतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. याच अठराव्या अध्यायात स्वकर्माने ईश्वराची पूजा घडते असेही सांगितले आहे. त्या न्यायाने चाक उतरवून डिस्क तपासणे हीसुद्धा पूजाच होय. हाराने कृतज्ञता व्यक्त होते, जबाबदारी फिटत नाही.